सहा पूर्णांक दोनला आता कोणी नाही

ओर्ता बंदराच्या कचेरीत, जिन्याखाली,
जिथे पूर्वी दोरखंड आणि रंगाचे डबे ठेवायचे,
तिथे आमचा मेल सर्व्हर घुरघुरतो.
बाल्ताझारने बसवला, अकरा वर्षांपूर्वी.
पासवर्ड चिठ्ठीवर लिहून
चिठ्ठी टेबलाच्या पोटाला डकवून
तो समोरच्या पीकू बेटावर गेला, द्राक्षं लावायला.
मला वारसा मिळाला : एक पंखा, दोन हिरवे दिवे,
आणि आवृत्ती सहा पूर्णांक दोन.

मंगळवारी कळलं की तिला भोक आहे.
भोक असं, की पत्र उघडावंही लागत नाही.
नुसतं यादीत दिसलं,
विषयाच्या ओळीवरून नजर गेली,
की पत्रच तुम्हाला वाचायला लागतं.

कंपनीला फोन लावला.
तिला दुसरीने घेतलंय, दुसरीला तिसरीने;
अठरा मिनिटं पियानो.
मग एक मुलगी, कुठल्यातरी दूरच्या दुपारीतली :
“आपल्या आवृत्तीचं आयुष्य संपलं आहे, सर.”
अहो, म्हटलं, ती इथे माझ्या गुडघ्याशी श्वास घेतेय.
ती म्हणाली, “आठमध्ये ठिगळ आहे.”

आठ चढवली. रात्री, शेवटची फेरी धक्क्याला लागल्यावर.
सकाळी देओलिंदा आली, कोट खुंटीला अडकवला,
बसली, उठली, पुन्हा बसली.
एर्मीनियु, पाठवायचं बटण कुठे गेलं?

बटण होतं. तिच्या ब्राउझरला ते दिसत नव्हतं.
तिचा ब्राउझर जुना,
कारण कस्टमचा फॉर्म त्याच जुन्यात उघडतो,
कारण फॉर्म ज्यांनी बनवला
त्यांची कंपनीसुद्धा, जाऊ दे.
नवा घ्यावा तर फॉर्म पांढराफटक.
जुना ठेवावा तर बटण गायब.
मागे फिरावं, तर भोक तिथेच, आ वासून.

आमच्या धक्क्यावर खलाशी चित्रं काढून जातात.
न काढता निघालं तर समुद्र डूख धरतो म्हणे.
त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत
एका डच नावेपुढे बराच वेळ उभा होतो.
रंग उडालेला, वर्ष तेवढं वाचता येत होतं,
आणि शिडावर कुणीतरी
आपला नवा देवमासा काढून ठेवलेला.
अर्धं शिड, अर्धा मासा.
पाव तसाच पिशवीत राहिला.

शेवटी सहाच परत आणली.
दारात एक गाळणी बसवली :
रंग नको, चित्र नको, ठळक तिरकी अक्षरं नकोत,
जे जे आपलं आपण चालू शकतं ते कापायचं,
विषयाची ओळसुद्धा सोलून घ्यायची,
नुसते शब्द आत सोडायचे.
याला ठिगळ म्हणत नाहीत.
हा बोळा आहे, भोकात कोंबलेला.

आता देओलिंदाचं टपाल उघडंबोडकं येतं.
बँकेचं लांबलचक पत्र दोन ओळींचं निघालं.
परिपत्रकाचा शिक्का गेला, पट्टी गेली,
मधला मजकूरही फार नव्हताच.
एका शिडाच्या बोटीचं मात्र जसंच्या तसं :
सुकाणू निकामी. तिघे आहोत. गुरुवारी पोहोचू. पाणी पुरेल.
हे तिने मोठ्याने वाचलं, दोनदा,
आणि सात नंबरची जागा राखून ठेवली.
मला म्हणाली, तुझं ते यंत्र बरंय की आता.

लॉगमध्ये कोणीतरी दार वाजवतंच आहे.
मिनिटाला चारदा, रोज वेगळ्या पत्त्यावरून,
पण टकटक तीच.
त्याला कंटाळा येत नाही. मी घरी जाण्याआधी मोजतो.
नव्या यंत्राची मागणी लिस्बनला गेली आहे.
मागच्या वर्षीचीही तिथेच आहे.

परवा बाल्ताझारला फोन केला.
तुझ्या सहाचं आयुष्य संपलं म्हणतात रे.
तो म्हणाला, काळ्या दगडांत वेल धरलीय, एकदा ये.
मग वाऱ्याचा आवाज आला नुसता.
मग : पंखा पुसतोस ना?

पुसतो.